अर्ध्या तासाचं काम

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचणाऱ्याने सांभाळून घ्याव्या. मी देवासला मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढचं शिक्षण हिंदीत होतं, ते मला जमलं नाही आणि घरातही कुणी आग्रह धरला नाही. अक्षर तर पहिल्यापासूनच वाईट. त्यात उजव्या हाताचा अंगठा हातोड्याखाली दोनदा ठेचला आहे, तो नीट वाकत नाही, म्हणून ओळी वर चढत जातात. आमच्या समाजाच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्यासाठी ‘आपल्या कामाचे अनुभव लिहा’ असा कागद घरोघरी वाटला, माझ्या ओट्यावरही टाकून गेले. अंकात देण्याचं धाडस माझ्यात नाही. पण कागद आल्यापासून मन जागेवर नाही, म्हणून या वहीत लिहून ठेवते.

माझं काम गाडीचे बुश बदलण्याचं. बायका हे काम करत नाहीत, म्हणून आधी ते काय असतं ते सांगते. गाडीची चाकं गाडीला नुसती ठोकलेली नसतात. कारला खालून लोखंडी हात असतात, जीपला आणि ट्रकला कमानी असतात, आणि त्यांच्या आधाराने चाक वरखाली होतं. हे हात, या कमानी जिथे गाडीला जोडतात त्या प्रत्येक सांध्यात रबराचं एक जाड कडं असतं. त्याच्या आतून लोखंडी नळी, बाहेरून लोखंडी नळी, मध्ये रबर. त्याला बुश म्हणतात. रस्त्याचे धक्के तो खातो. तो झिजला की गाडी खडखडते, वळताना कण्हते, ब्रेक लावला की एका अंगाला ओढते. बुश स्वस्त असतो. कष्ट आहेत ते जुना काढण्याचे, कारण वीस वर्षांच्या गंजाने तो सांध्यात असा बसलेला असतो की जणू तिथेच जन्मला.

आमचे हे फिटर होते. देवासला घराच्या पुढच्या खोलीतच आमचं गॅरेज होतं. एका उन्हाळ्यात यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणं मात्र शाबूत राहिलं. मग हे खाटेवर बसून सांगत आणि मी करत असे. गाडीखाली जाणारी मोठी कामं बंद केली, पण मेकॅनिक लोक हात किंवा कमान सुटी करून आणून देत आणि आम्ही त्यातले बुश बदलून देत असू. आटे पाडलेली एक जाड सळई, नळीचे दोन तुकडे, चार वायसर म्हणजे लोखंडी चकत्या आणि एक मोठा नट, एवढंच माझं यंत्र. यांनीच ते करून दिलं होतं. सळई बुशातून घालायची, दोन्ही बाजूंनी नळ्या लावायच्या आणि नट फिरवत जायचं. जुना बुश कण्हत कण्हत नळीत सरकतो. नवा घालताना साबणाचं पाणी लावायचं, तेल कधीही नाही. तेलाने रबर कुजतं.

मला लोकांशी बोलता येत नाही. पहिल्यापासूनच येत नाही. परका माणूस समोर आला की माझा गळा बंद होतो. हे होते तोवर त्याची अडचण कधी आली नाही. गिऱ्हाईक यांच्याशी बोले, यांच्या हातात पैसे देई, आणि पुष्कळांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं की काम कोण करतं. बदनावरच्या एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याची गोष्ट आठवते. त्याची गाडी डावीकडे वळताना बाईने रडावं तसा आवाज करायची. त्याने पुढे लिंबू-मिरची बांधली, मागे काळी बाहुली टांगली, शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून बुशांवर जळकं ऑइल ओतलं. आवाज थांबला आणि दीड महिन्यात रबराचा चिखल झाला. नवे बुश घेऊन तो आला तेव्हा मी उकिडवी बसून सळई फिरवत होते. तो यांना म्हणाला, “मिस्त्री, काम तुम्ही स्वतः करा. घरवालीकडून नका करवू.” हे आपला मेलेला हात मांडीवर ठेवून म्हणाले, “शेठ, मी स्वतःच करतोय. हात फक्त तिचे आहेत.” तो निघून गेल्यावर आम्ही दोघं हसलो होतो.

दुसरा एक धरमपुरीचा. त्याने फोनवर बघून घरीच बुश बदलले. काम वाईट नव्हतं, पण महिन्याभरात सगळे फाटले. तो यांच्याशी भांडायला आला, कारण बुश आमच्या ओळखीच्या दुकानातून घेतले होते. “भिया, वीडियो में तो ऐसे ही था,” हे एकच वाक्य त्याने दहा वेळा म्हटलं असेल. यांनी त्याला विचारलं, नट आवळले तेव्हा गाडी कुठे होती. तो म्हणाला, जॅकवर. तिथेच त्याचं चुकलं होतं. नट आवळला की बुशाची आतली नळी पकडली जाते. चाक हवेत लोंबत असताना आवळलं तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं, आणि गाडी खाली उतरली की ते कायमचं पीळ खाऊन राहतं. म्हणून नट हाताने बसवून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, तिला तिच्या वजनावर बसू द्यायचं आणि मगच पाना लावायचा. आमच्या कामातला हा पहिला नियम आहे. मी तो कधीही मोडला नाही. पुढे जे झालं ते नियम पाळूनच झालं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

हे गेल्यावर मी एकटी काम करू लागले. मेकॅनिक सकाळी ओट्यावर गाडीचे हात ठेवून जात, वर खडूने नाव लिहीत, संध्याकाळी घेऊन जात आणि पैसे खिडकीत ठेवत. आठ-आठ दिवस मी कुणाशी बोलत नसे आणि काम चालत असे.

दोन वर्षांनी धारहून नानांचा निरोप आला. नाना आमच्याच समाजातले, तहसिलीतून निवृत्त झालेले, यांच्या जुन्या ओळखीचे. त्यांच्या वडिलांची जीप तीस वर्षं अंगणात पत्र्याखाली पडून होती. निवृत्त झाल्यापासून नानांनी ती घरीच उभी करायला घेतली होती. इंजिन झालं होतं, ब्रेक झाले होते, रंग झाला होता. राहिले होते कमानींचे बारा बुश. दसऱ्याला त्याच जीपमधून शिलंगणाला जायचं, असं त्यांनी तीन वर्षांपूर्वी सगळ्या भाऊबंदांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्या सुनेने, पल्लवीने, मला फोन केला. “काकी, पप्पा म्हणतात की मिस्त्री काकांच्या हातची सफाई फक्त तुमच्यात आहे. येऊन जा ना. इथेच राहा.” मजुरी आठ हजार ठरली.

नवरात्रात चार दिवस मी त्यांच्या घरी राहिले. जीप लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, चढवलेली होती. मी एकेक कमान सोडवायची, बुश ओढून काढायचा, नवा दाबायचा. नाना बोलायचे ते माझ्याकडे न बघता, जीपकडे बघून. आमच्याकडे अशीच रीत आहे, आणि मला ती सोयीची होती. मला काही हवं असलं तर मी पल्लवीला सांगे आणि ती त्यांना सांगे.

नानांच्या पत्नी माई. वय अडुसष्ट, गुडघे चांगले, जीभ त्याहून चांगली. त्या अंगणात पाट टाकून भाजी निवडत बसायच्या आणि माझ्याकडून बोलणं काढायचा प्रयत्न करायच्या.

“सुमन, लग्नात नवऱ्याचं नाव तरी घेतलं होतंस, की तेही शेजारणीने घेतलं?”

मी गाडीखालून हसायची.

“हसलीस म्हणजे जिवंत आहेस. मला वाटलं, खाली लोखंडच बसलंय.” मग नानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, “माझ्या आख्ख्या संसारात केला नसेल एवढा खर्च या सवतीवर केलाय. तिला नवे गुडघे, आणि मला साधी चप्पल नाही.”

नाना बोनेटवर फडकं मारत म्हणायचे, “तुम्हाला पुढच्या सीटवर बसवणार आहे. आधी गाडीत बसून तर पाहा, मग चप्पल मागा.”

चौथ्या दिवशी, अष्टमीला, संध्याकाळी बारावा बुश बसला. नट सगळे हातानेच लावले होते. पुढच्या डाव्या कमानीचा तर दोन आट्यांवर होता, कारण त्याचा वायसर बदलायचा होता. चाकं लावून जीप जमिनीवर उतरवली. ती रात्रभर आपल्या वजनावर बसेल, पहाटे उठून वायसर घालायचा, नट आवळायचे, काम संपलं. अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या लोकांत त्या दिवशी हत्यारं पूजेला बसवतात. पूर्वी तलवारी-भाले होते, आता ज्याच्या हातात जे असेल ते. एकदा बसवलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत. म्हणूनच मी पहाट ठरवली होती. जीप अर्धी आहे हे कळावं म्हणून स्टिअरिंगला तेलकट फडकं बांधून ठेवलं. आमच्या कामातली ती खूण आहे. फडकं असेल ती गाडी कुणी हलवत नाही.

पहाटे मी उठले तर माझी पान्यांची पिशवी रिकामी. देवघरात दिवा होता. नाना माझ्याही आधी उठले होते. त्यांनी माझा प्रत्येक पाना रॉकेलने धुऊन, पुसून, त्यांच्या आजोबांच्या तलवारीशेजारी पाटावर मांडला होता. सळईला शेंदूर, मोठ्या पान्यावर झेंडूचं फूल, आणि पान्याखाली पाकीट, त्यावर माझं नाव. नाना पूजा करून उठत होते. ते पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. म्हणाले, “सुमन, या घरात तलवारीशेजारी आजवर दुसरं हत्यार बसलेलं नाही. तुझी बसवली. नमस्कार कर.”

मी नमस्कार केला. माझ्या पान्याला आजवर कुणी हातसुद्धा लावला नव्हता. डोळे भरून आले आणि गळा बंद झाला. नट राहिले आहेत, मला मोठा पाना अर्धा तास द्या, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणता आलं नाही. त्या मापाचा दुसरा पाना घरात नव्हता. मनात म्हटलं, उद्या तीन वाजता उत्तरपूजा, पाचला शिलंगण, मध्ये दोन तास आहेत. पाकीट मी घेतलं. अर्धवट कामाची पूर्ण मजुरी घेतली.

दसऱ्याच्या सकाळी भाऊबंद जमले. अंगणात सात-आठ पुरुष खुर्च्या टाकून बसले होते, जीपला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मी आत पुरणपोळ्या लाटत होते. कुणीतरी म्हणालं, “नाना, संध्याकाळपर्यंत कोण थांबतंय. तलावापर्यंत एक चक्कर तर होऊन जाऊ द्या.” दुसरा म्हणाला, “वहिनींनाही घ्या. नाहीतर आम्ही म्हणू, सवतीलाच फिरवलं.” माईंचा आवाज आला, “चला, बसते. पण मला परत आणून सोडायचं.”

इंजिन सुरू झालं. मी लाटणं टाकून दारापर्यंत धावले. उंबऱ्याच्या आत उभी राहिले. समोर ते सगळे पुरुष. एक हाक मारायची होती, “थांबा” एवढीच. माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. माई पुढच्या सीटवर पदर सावरत होत्या. जीप फाटकातून बाहेर गेली. स्टिअरिंगवर फडकं नव्हतं, माळ होती.

मी मागच्या दाराने निघून रस्त्याने पळत गेले. तलावाच्या उतारावर वळण आहे तिथे लोक जमलेले दिसले. पुढच्या डाव्या कमानीचा बोल्ट सरकून निघाला होता, कमान सुटली होती, चाक वाकडं होऊन जीप दगडी कठड्यावर आदळली होती. नानांच्या छातीला मार लागला होता, पण ते उभे होते. माई रस्त्यावर पडलेल्या होत्या, शुद्धीत होत्या आणि काहीच बोलत नव्हत्या. माईंना गप्प मी तेव्हाच पाहिलं.

लोक त्यांना उचलून नेत होते तेव्हा मी आल्या रस्त्याने परत चालत गेले. फाटकापासून दोनशे पावलांवर नट सापडला. मी तो कमरेला खोचला.

माईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, पाठीच्या मणक्यालाही लागलं होतं. इंदूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालणं आता कठीण. तिथे बाकावर बसून नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “माझाच हात चुकला. वळणावर गाडी ओढायला लागली आणि मला सांभाळता आली नाही. म्हातारपणी हौस करायला गेलो.” भाऊबंद म्हणत, जुनं लोखंड, तुमचा काय दोष. ते मान हलवत. मी समोरच्या भिंतीशी बसून ऐकत होते. एकदा नाही, दहा वेळा ऐकलं.

पल्लवी मला जिन्यात घेऊन गेली. “काकी, ते फडकं मीच काढलं. माळ घालायची होती, इतकं गंदा होतं. मला काय माहीत. कुणाला सांगाल का?”

मी म्हटलं, “नाही. तुझा काही संबंध नाही. तोंडाने सांगायची गोष्ट मी फडक्यावर टाकली होती.”

“पण मग सगळे पप्पांनाच—”

“मी बघते,” मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी बसने देवासला निघून आले. काहीच बघितलं नाही.

तीन महिने मी काम करत होते. मेकॅनिक हात ठेवून जात होते, मी बुश दाबत होते. प्रत्येक नट तीन-तीनदा तपासायची, माझा आवळायचा नसलेला नटसुद्धा. सगळ्यांना माहीत होतं की नानांनी बायकोला लुळं केलं. मला कुणी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं. पण न बोलणाऱ्या बाईला कोण काय विचारतं.

संक्रांत झाल्यावर मी धारला गेले. नाना माईंना कुशीवर वळवत होते. एका हाताने खांदा, एका हाताने कंबर, तोंडाने “हळूच, हळूच” म्हणत. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, “बस, सुमन. बघतेस ना माझी करणी.”

मी उभीच राहिले. पाकीट काढून खाटेच्या कडेवर ठेवलं, त्यावर नट ठेवला. म्हणायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. पण म्हटलं. नट मी आवळला नव्हता. बाराही आवळले नव्हते. तुमचा हात चुकला नाही.

नानांनी माईंना उशीला नीट टेकवलं. मग नट हातात घेऊन बघत राहिले.

“किती वेळाचं काम होतं?”

“अर्ध्या तासाचं.”

“मग का नाही केलंस?”

“पाना नव्हता.”

“कुठे गेला होता?”

“तुमच्या देवघरात.”

ते खाली बसले. माणूस बसतो तसे नाही, पोतं ठेवतात तसे. म्हणाले, “मागायचा होतास.”

“हो.”

“मागितला असतास तर मी पूजेतून उठवून दिला असता का, हे मला माहीत नाही,” ते म्हणाले. “आता दिला असता असं म्हणणं सोपं आहे.”

मी म्हटलं, दवाखान्याचा खर्च मी भरीन. मला वाटलं, ते नको म्हणतील. आमच्यात असं म्हटलं की नको म्हणतात, मग आपण आग्रह धरायचा, मग काहीतरी अर्धवट ठरतं आणि दोघांचीही लाज राहते. नाना नको म्हणाले नाहीत. म्हणाले, “एक लाख ऐंशी हजार लागले. माझी ठेव मोडली. अर्धे तुझे, अर्धे माझे. नट तुझा, पाना मी बसवला. नव्वद हजार मला परत दे.”

“हे आठ धरा,” मी पाकिटाकडे बोट दाखवलं.

“धरले. ब्याऐंशी राहिले.”

पलंगावरून माईंचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. “सुमन.”

मी जवळ गेले. पायांवर पडावं असं वाटत होतं, पण त्या पायांना हात लावायची हिंमत झाली नाही.

“बोललीस म्हणायची एकदाची,” माई म्हणाल्या. “बारा गुडघे बसवलेस आणि माझे दोन काढून नेलेस. जा, तेल आण. पाठ जळतेय.”

मी त्यांच्या पाठीला तेल लावलं. त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यानंतर दर महिन्याला मी जायची. दोन हजार द्यायची, कधी पंधराशे. पल्लवी म्हणायची, “काकी, एवढ्या लांब कशाला येता, फोनवर टाका ना.” फोनवर पैसे टाकायला मला शिकता आलं असतं. नाही शिकले. पैसे दिले की माईंना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, जखमांना औषध लावायचं आणि शेवटच्या बसने परत यायचं. पडून राहून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. एकीत माझं बोट पेरभर आत जाई. मी आयुष्यभर झिजलेली वस्तू काढून नवी बसवली. इथे काढता येण्यासारखं काही नव्हतं आणि बसवता येण्यासारखंही.

माई दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात गेल्या. चौदा महिने पडून होत्या. शेवटचा महिना त्या कुणाला ओळखत नव्हत्या, पण मी तेल लावायला बसले की “कोण, लोखंडवाली का,” असं विचारायच्या. मी “हो” म्हणायची.

भाऊबंदांना नानांनी खरं काय ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असतं तर समाजात माझ्या कानावर आलं असतं. लोक अजूनही म्हणतात की नानांच्या हौसेने बाई गेली. मी नानांना एकदा म्हटलं, “तुम्ही सांगत का नाही?” ते म्हणाले, “तुझं सांगायचं तर माझंही सांगावं लागेल. पूजेतला पाना लोकांना समजायचा नाही.” जीप भंगारवाला घेऊन गेला. जाताना तिचे बुश नवेच होते.

माई गेल्यावरही मी दर महिन्याला जात राहिले. नाना नोटा घेत, एकदाच मोजत आणि म्हणत, “इतके राहिले.” पल्लवी चहा आणायची. बोलण्यासारखं काही नसे, तरी मी अर्धा-पाऊण तास बसत असे. हिवाळ्यात तिथे ओसरीवर ऊन चांगलं येतं.

सगळ्याला पावणेचार वर्षं लागली. शेवटचे बाराशे राहिले होते. गेल्या महिन्यात ते घेऊन गेले. नानांना आता एका डोळ्याने दिसत नाही. त्यांनी नोटा बोटांनी चाचपून मोजल्या, पुन्हा मोजल्या, पल्लवीला हाक मारून तिच्या हातात दिल्या.

“फिटले तुझे,” ते म्हणाले.

“हो.”

मी पदर सावरून उठले. ते भिंतीला टेकून बसले होते, तोंड माझ्या बाजूला नव्हतं.

“सुमन, तुझे नव्वद तू मला दिलेस,” ते म्हणाले. “माझे नव्वद मी कुणाला देऊ?”

मी उभी राहिले. या वेळी गळा बंद झाला नव्हता. मी विचार करून पाहिला, पण त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. पल्लवी दारातच उभी होती, नोटा तिच्या हातात तशाच होत्या.

मी “येते” म्हटलं. ते “बरं” म्हणाले. बसस्टँडवर इंदूरची बस लागलेली होती. खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले तेव्हा मी सवयीने आतल्या पिशवीत हात घातला, तिथे नानांचे पैसे ठेवत असे. पिशवी रिकामी होती. माझे नव्वद हजार पूर्ण फिटले होते.